हातात डिसमिस घ्या

खंडेनवमीला आमच्या शाळेत कॉम्प्युटरांची पूजा होते. बारा कॉम्प्युटर आहेत. बाराही पडद्यांना हळदकुंकू, कीबोर्डांवर झेंडू, मधल्या टेबलावर नारळ. वर्षातून तेवढा एक दिवस त्या खोलीचं कुलूप सकाळपासून उघडं. पोरं रांगेनं येतात, दाराबाहेर चपला काढतात, लांबून हात जोडतात आणि चालू पडतात. हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी त्यातला एक डबा मी उघडला. तक्रारवहीत दोन वर्षं एकच ओळ होती: पुढून पेन ड्राइव्ह लागत नाही. टॉर्च मारून बघितलं तर भोकात कुंकू. गच्च बसलेलं, पावसाळ्याच्या ओलीनं दगड झालेलं. वीज काढली, सुईनं कोरून साफ केलं. पेन ड्राइव्ह लागला.

साला, ह्यावर कविता लिहायची होती. लिहिली नाही. कवितेनं भोक साफ होत नाही.

म्हणून ह्या अंकाचं संपादकीय कॉम्प्युटरच्या देखभालीवर आहे. मंडळातल्या दोघातिघांनी तोंड वाकडं केलं. एक म्हणाला, खेड्यापाड्यात आपल्या माणसांची घरं जळतायत आणि तू धूळ पुसायचं लिहितोस? बरोबर आहे त्याचं. घरं जळतायत. त्यावर आपण ह्याच पानांत लिहिलंय आणि लिहिणार. पण हा दोस्त त्याचं निवेदन टाइप करायला स्टेशनबाहेरच्या दुकानात जातो, पानाला पैसे मोजतो आणि तिथल्या पोराच्या मेहेरबानीवर उभा राहतो. त्याची एफआयआरची नक्कल, पंचनाम्याचे फोटो, साक्षीदारांची नावं त्या परक्या कॉम्प्युटरात पडून राहतात. हे त्याच्या ध्यानातच आलेलं नाही. मी विचारलं तेव्हा गप्प बसला.

मी गोदीत आहे. कंत्राटात. लोखंडाच्या कॉइली उतरवतो. न्हावाशेवा बंदर १९८९ ला सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, आमच्या वाट्याला असला अवजड माल उरला. दहावी झालो तो रात्रशाळेत. तीच ही शाळा. म्हणजे इमारत एक, दिवसाची शाळा वेगळी, रात्रीची वेगळी. दिवसा वस्तीतली पोरं. रात्री वस्तीतलेच, पण पोट बांधलेले: हॉटेलात कपबशा धुणारे, कुरिअरवाले, घरकाम करणाऱ्या बाया, माझ्यासारखे हमाल. फळा दोघांचा, बाक दोघांचे, कॉम्प्युटरची खोली फक्त दिवसाची. आणि दिवसाचीही नाहीच, सांगितलं ना वर.

रात्रशाळा ही काही कुणाची भीक नव्हे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात १८५५ साली कामकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच्या सात वर्षं आधी, १८४८ ला, भिडेवाड्यात मुलींची. शिक्षण दिवसा जगणाऱ्यांचं आणि रात्र फक्त झोपायची, हा हिशेब तेव्हाच मोडला होता. तो मोडलेला हिशेब आमच्या इमारतीत एका पितळी कुलुपानं पुन्हा जुळवला आहे.

आता चवदार तळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण एक कलम आपण भाषणात गाळतो. महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून तळं सगळ्यांना खुलं केलेलं होतं. कागदावर खुलं! पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः तळ्याच्या काठावर जावं लागलं. कागदावरचं खुलं आणि हातातलं खुलं ह्यात तीन वर्षं गेली आणि त्या दिवशी डोकी फुटली ती वेगळीच.

आज त्या कागदाचं नाव यूडायस. दरवर्षी प्रत्येक शाळा सरकारला माहिती भरून देते. वर्ग किती, संडास किती, चालू स्थितीतले कॉम्प्युटर किती. २०२३-२४ च्या अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू कॉम्प्युटर आहेत, ५३.९ टक्क्यांत इंटरनेट आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत काहीच नाही, हे एक. पण मला त्या ५७ मधल्यांची जास्त काळजी वाटते, कारण आमची शाळा त्यांच्यात बसते. आमच्या बारातले तीन उठत होते. तिनांतला एक वर्ष २०१३ दाखवायचा. आणि त्या तिनांना कुणी हात लावत नव्हतं. तरी रकान्यात ‘आहे’. चालू म्हणजे कुणासाठी चालू, असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही.

हे कॉम्प्युटर आले कसे, ते ऐका. एका कंपनीनं स्वतःची यंत्रं बदलली, जुनी आम्हाला ‘दान’ दिली. बॅनर लागला, फोटो निघाला, पोरींनी स्वागतगीत म्हटलं. दोन वर्षं एक कंत्राटी कॉम्प्युटर सर होते. त्यांचा पगार थकला, ते गेले. पासवर्ड त्यांच्या डोक्यात होते, ते डोक्याबरोबर गेले. त्यांचा दोष नाही, कुणी विचारलंच नव्हतं. राज्यात जागोजाग हेच झालं. २००४ साली केंद्रानं शाळांसाठी आयसीटी योजना काढली. तिच्यात एक तऱ्हा अशी की खाजगी कंपनीनं यंत्रं आणायची, मांडायची, चालवायची आणि मुदत संपली की शाळेच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. आणण्याला पैसा, मांडण्याला पैसा, उद्घाटनाला हार. राखण्याला? राखण्याला काही नाही. आपल्या देशात बांधणाऱ्याचं नाव पाटीवर कोरतात. राखणाऱ्याच्या हातात झाडू देतात.

ह्यातच जात आहे दोस्तहो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या त्या न झालेल्या भाषणात कामाच्या आणि माणसांच्या वाटणीचं जे मांडलं, ते वाचायला आता ग्रंथालयात जायला नको. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत या. खोली झाडते ती आमच्या वस्तीतली मावशी. टेबलं पुसते ती. उंदराची लेंडी उचलते ती. पण डब्याच्या आतली धूळ? त्याला बाहेरून माणूस येतो, पाठीला बॅग, गळ्यात कार्ड. मी एकदा त्याच्या मागे उभा राहून बघितलं. त्यानं दोन स्क्रू काढले, रॅमची पट्टी उपसली, खिशातून खोडरबर काढलं, पोरांचं असतं तेच, पट्टीच्या पिवळ्या दातांवर दहा वेळा घासलं, परत बसवली. मशीन उठलं. पाचशे रुपये. तीच धूळ बाहेर असली की हलकं काम आणि आत असली की टेक्निकल.

मी त्या पोराला शिव्या देत नाही. तोही पोटालाच आला होता. पण पाचशे रुपयांत त्यानं खोडरबर विकलं नाही, आपलं न बघणं विकलं. आपण बघितलं नाही म्हणून ते पाचशेचं झालं.

आमच्यात स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. माझ्या आज्याला दोन डिसमिस ठाऊक होते. एक फिटरच्या हातातला, दुसरा साहेबाच्या चिठ्ठीतला. पहिला आपल्याला कधी द्यायचा नाही आणि दुसरा केव्हाही द्यायचा, अशी रीत. तर मी पहिला विकत घेतला. चोरबाजारातून, चुंबकवाला.

गोदीत मी एक गोष्ट शिकलो ती शाळेत शिकवत नाहीत. पाळी सुरू व्हायच्या आधी वायरचा स्लिंग बघायचा. धागे तुटून काटे वर आलेत का, कुठे चेपलाय का, गंज धरलाय का. स्लिंगवर नंबर, किती टनाचा ते, आणि तपासणीची तारीख. तारीख उलटली की बाजूला. वीस टनाची कॉइल वर असताना कुणी खाली ‘होईल काहीतरी’ म्हणत नाही. जुने लोक सांगतात, न बघितलेला एक स्लिंग म्हणजे एक बाई विधवा. ही नजर आपल्याकडे आहे. आपल्या बापजाद्यांनी ती रक्त देऊन कमावली आहे. यंत्र बोलायच्या आधी यंत्राचं दुखणं ओळखायची नजर. मग शाळेत शिरताना आपण ती चपलांबरोबर दाराबाहेर का ठेवतो?

मी मोठ्या सरांकडे गेलो. म्हटलं, रविवारी सुट्टी असते, खोली उघडून द्या, बघतो. सर माणूस वाईट नाही. त्यांनी कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं. डेडस्टॉक रजिस्टर. शाळेची प्रत्येक वस्तू त्यात लिहिलेली. वस्तू हरवली, मोडली तर हेडमास्तरच्या मानेवर. न वापरता कुजली तर मात्र कुणाच्याच मानेवर नाही! नावच बघा ना, डेडस्टॉक. जिवंत ठेवायची सोयच नाही तिच्यात. सर म्हणाले, “तू काही बिघडवलंस तर मी काय उत्तर देऊ?” मी म्हटलं, “सर, बारातले नऊ मेलेत. आणखी किती बिघडवणार?” त्यांना हसू आलं. शिपाईमामांना म्हणाले, किल्ली दे ह्याला, दुपारी परत घे.

पहिल्या रविवारी आम्ही पाच जण. मी, दोन कुरिअरवाले, एक केटरिंगचा पोरगा, आणि रात्रीच्या दहावीतली एक मुलगी, दिवसा खोकी पॅक करते. जे सापडलं ते सांगतो, कारण तुमच्या वस्तीतल्या शाळेतही हेच सापडणार आहे.

चार मशीनं नुसती धुळीनं आणि काळवंडलेल्या रॅमनं पडलेली. चालू केली की बीप बीप ओरडायची, पडदा काळा. खोडरबर, जुना दातांचा ब्रश, बस्स. चारही उठली. पंख्याखाली धुळीची गोधडी झाली होती. ती काढली, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. २०१३ दाखवणाऱ्याच्या पोटात एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, तो मेलेला. सेल मेला की मशीन बंद केल्यावर तारीख विसरतं, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची प्रत्येक साइट ‘धोका’ म्हणून लाल होते, कारण साइटच्या दाखल्यावरची मुदत त्या तारखेशी जुळत नाही. कॉम्प्युटर सर गेल्यापासून सगळे समजत होते की इंटरनेट बिघडलंय. सेल वीस-तीस रुपयांचा.

यूपीएसच्या बॅटऱ्या फुगलेल्या. बारा व्होल्ट, सात अँपिअर अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरतेच, मग यूपीएस नुसता टेबलाखालचा दगड. उंदरांनी नेटवर्कच्या तारा कुरतडल्या होत्या. डब्यांच्या मागच्या पट्ट्या निघालेल्या, तिथून ते आत शिरत. एका डब्यात घरटं होतं, तिसरीच्या उत्तरपत्रिकांचं. आम्ही पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या. आणि ते प्लॅस्टिकचे कव्हर फेकून दिले. पावसाळ्यात मुंबईची हवा काय असते ते समुद्राकाठी राबणाऱ्याला सांगायला नको. प्लॅस्टिकखाली ती ओल कोंडते आणि पत्रा, पिना, सगळं गंजतं. सुती लुगड्याचं कापड टाका. आणि आठवड्यातून दोनदा तरी तासभर मशीन चालवा, त्याची स्वतःची ऊब त्याला सुकवते. म्हणजे काय, तर वापरानं मशीन टिकतं आणि जपून ठेवण्यानं मरतं. कुलूपवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सगळ्यात भयंकर होती अर्थिंग. लहान पोरं म्हणायची, कॉम्प्युटर चावतो. शिक्षक हसायचे. मी टेस्टर लावला तर डब्याच्या पत्र्यावर दिवा पेटला. बोटाला झिणझिण्या खऱ्याच. सॉकेट तीन भोकांचं, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. ठेकेदारानं भिंतीत दोनच तारा ओढल्या होत्या, बिल तिनांचं. मशीनच्या पॉवर सप्लायमधून थोडी वीज पत्र्यावर झिरपतेच, ती जमिनीत जावी म्हणून ती तिसरी तार. तार नाही तर ती पोराच्या बोटातून जाते. आणि आतली तार सुटून पत्र्याला लागली तर झिणझिण्यांवर भागणार नाही. हे काम आम्ही केलं नाही, तुम्हीही करू नका. वस्तीतल्या लायसनवाल्या वायरमनकडून करून घेतलं, तोवर खोली बंद ठेवली, आणि ते बंद ठेवणं मला मान्य होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यापासून कोडिंग लिहिलंय. आता तर ज्याच्या त्याच्या तोंडी एआय. करा की! पण आधी तिसऱ्या भोकात तार घाला.

इथपर्यंत सगळं छान वाटतंय. आता माझी चूक.

जुन्या पॉवर सप्लायच्या मागे एक लाल बटण असतं. एका बाजूला ११५, एका बाजूला २३०. आपल्या घराघरात वीज २३० ची. तिसऱ्या रविवारी पुसता पुसता ते माझ्या बोटानं सरकलं. बघितलं नाही. मी, रोज स्लिंग बघणारा! स्विच टाकला. फाट्कन आवाज, धूर, जळका वास जिन्यापर्यंत. मोठे सर धावत आले. काही बोलले नाहीत. शिपाईमामांकडे बघितलं, मामांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली.

दीड महिना खोली बंद. त्या दीड महिन्यात माझ्या मनात जे चाललं होतं ते तुम्हाला सांगायला पाहिजे, कारण तेच ह्या लेखाचं मूळ आहे. मला वाटलं, बरोबर होते ते. आपला हात लागला की बाटतं. हे माझ्या डोक्यात आलं, दोस्तहो, जय भीम म्हणणाऱ्या, पोस्टरं चिकटवणाऱ्या माझ्या डोक्यात! इतकं खोल आहे ते. मग एका रात्री पाळीवर मुकादम सहज बोलला, त्याचा पुतण्या इंजिनियर झाला, लहानपणी घरातले दोन लॅपटॉप खोलून त्यानं वाट लावली होती, तेव्हाच ओळखलं म्हणे पोरगा हुशार. ऐकून मी कॉइलीवर बसलो. त्यांच्या पोरानं मोडलं की हुशारी, आमच्यानं मोडलं की पुरावा. मोडण्याची मुभा ही सुद्धा वडिलोपार्जित इस्टेट आहे.

पगार झाल्यावर लॅमिंग्टन रोडवरून नवा पॉवर सप्लाय आणला. बाकी मशीन वाचलं होतं. सरांपुढे पावती ठेवली. सगळ्या लाल बटणांवर चिकटपट्टी लावून २३० लिहिलं. आणि एक वही सुरू केली, गोदीतल्यासारखी. मशीनला नंबर, तारीख, काय दुखणं, काय केलं, कुणी केलं, सही. पहिल्या पानावर पहिली नोंद माझ्या चुकीची, माझ्या सहीची. पासवर्ड वेगळ्या पाकिटात, सीलबंद, सरांच्या कपाटात. आता कुणी गेलं तरी खोली त्याच्याबरोबर जाणार नाही. त्या वहीमुळे किल्ली परत मिळाली, माझ्या बोलण्यामुळे नाही.

दुसरी एक चूक आमची सगळ्यांची, आणि ती मला त्या मुलीनं दाखवली. एक दिवस तिनं वही माझ्यापुढे टाकली. म्हणाली, “दादा, ‘कुणी केलं’ ह्या रकान्यात माझं नाव कितींदा आहे बघा.” एकदाही नव्हतं. ती तीन महिने येत होती. आम्ही चौघं डिसमिस घेऊन डब्यात डोकं घालायचो आणि तिच्या हातात फडकं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं होतं. आपोआप! व्यवस्था ह्यालाच म्हणतात. सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर आणि खाली हा प्रकार. त्या दिवसापासून डिसमिस तिच्याकडे आणि फडकं पाळीपाळीनं. आता सेल बदलण्यात, तारेला टोपी दाबण्यात तिच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नाही. खोकी पॅक करून करून बोटं तयार आहेत तिची.

मग आला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० ची देखभाल कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. नव्या ११ ला नवा प्रोसेसर हवा, टीपीएम २.० नावाची चिप हवी. आमची मशीनं २०१३ च्या आसपासची. दुकानदार म्हणाला, भंगार झालं, किलोनं देऊन टाका. मशीन धडधाकट, नुसता कुणीतरी दूर बसून सांगितलं की आजपासून तू मेलास!

आम्ही लिनक्स घातलं. हलकं, चार जीबी रॅमवर चालणारं. फुकट आहे म्हणून नव्हे, नुसतं म्हणून नव्हे. १९९१ पासून जगभरची माणसं ते लिहितायत आणि त्याची आतली लिखावट कुणालाही वाचायला, बदलायला खुली आहे. कानात शिसं ओतायच्या धमक्या ऐकत आलेल्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगायला नको. दोन मशीनांत जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली, वर्गणी काढून. दोन मिनिटांनी उठणारं मशीन वीस सेकंदांत उठायला लागलं. बाकीच्यांना जमेल तसं.

आणि हे काही वेड नव्हे. केरळनं २००१ साली शाळांसाठी आयटी प्रकल्प सुरू केला आणि पुढे त्यांच्या सरकारी शाळा ह्याच मोकळ्या सॉफ्टवेअरवर आणल्या. २०१८ साली ‘लिट्ल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट हायस्कुलांत काढले. पोरं स्वतः शिकतात, शाळेची यंत्रं सांभाळायला हात लावतात. तिथे सरकारनं हे केलं. इथे रविवारी हमालांनी केलं तर गुन्हा?

मराठीचं एक सांगतो. शाळेतल्या जुन्या फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. जुन्या फाँटांत टाइप केलेलं, तो फाँट नसला की वाचता येत नाही. दहा वर्षांच्या निकालपत्रकांचं हे झालंय. युनिकोडमध्ये टाइप करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, तो विंडोजमध्येही असतो, लिनक्समध्येही, पैसे पडत नाहीत. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, पंधरा दिवसांत बसतो. तुमची कविता अजून वीस वर्षांनी कुणाला वाचता यावी असं वाटत असेल तर एवढं करा. नसेल वाटत तर मग छापता कशाला?

भंगारवाल्याकडे किलोनं गेलेलं मशीन कुठे जातं, हेही बघा. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात, दिल्लीत सीलमपूरला, तिथून मुरादाबादेला. तांब्यासाठी तारा जाळतात, पट्ट्या ॲसिडात बुडवतात. जुन्या जाड पडद्यांच्या काचेत शिसं असतं. ते फोडणारे हात कुणाचे? दलितांचे, गरीब मुसलमानांचे, बायांचे, पोरांचे. ई-कचऱ्याचे नियम २०१२ पासून लागू आहेत, नवे १ एप्रिल २०२३ पासून. कागदावर. चवदार तळ्यासारखेच. कॉम्प्युटर आला तेव्हा आपल्याला हात लावू दिला नाही आणि मेल्यावर फक्त आपल्याच हातात दिला. ढोराचं तेच झालं होतं. म्हणून जे मशीन आम्ही आणखी चार वर्षं जगवतो, त्यात एका पोराचं फुप्फुस धरून हिशेब करा.

चळवळीलाही एक बोलतो. किती विहारांत, किती वाचनालयांत पुढाऱ्यानं दिलेला कॉम्प्युटर कापडाखाली झोपलाय? १४ एप्रिलला डीजेला हजारो जातात. बॅटरी हजाराच्या आसपास आहे. मी डीजेच्या विरोधात नाही, मीही नाचतो. पण नाचून झालं की दुसऱ्या दिवशी कापड उचलून बघा.

आज बारातली नऊ चालतात. दोनांचे मदरबोर्ड गेले, त्यांचे सुटे भाग इतरांना लावले, वहीत लिहिलं. एक अजून समजत नाही. कधी उठतं, कधी उठत नाही. रात्रशाळेला आठवड्यातून दोन तास मिळाले आहेत. आम्ही तिथे निवेदनं टाइप करतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो, आणि ह्या अंकाचा अर्धा मजकूर तिथेच टाइप झाला. पण किल्ली एकच आहे, आणि मामा सुट्टीवर गेले की आम्ही जिन्यात. दुसऱ्या किल्लीचा अर्ज दिला त्याला तीन महिने झाले. खंडेनवमीला मशीनला कुंकू लावू नका, हवं तर भिंतीला लावा, हाही अर्ज दिला. त्याला उत्तर आलं: परंपरा आहे.

किल्लीचं काय होतं ते पुढच्या अंकात. रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही शाळेत असतो. येताना खोडरबर आणा, न वापरलेलं, सुगंधी नको. तो बारावा डबा कुणाला कळला तर उपकार होतील.

जय भीम.